देवराम भोयेची हजेरी

गेल्या आठवड्यात इथे एकांनी लिहिलं होतं की कॉम्प्युटर आले आणि भुतं संपली. मशीनला काय भूत लागतं, असं म्हणून खाली बऱ्याच जणांनी हसून घेतलं. मला हसू आलं नाही. राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आमचं घर मखमलाबादचं, झेंडू-गुलाबाची शेती. आई अमावास्येला विहिरीवर नारळ ठेवायची आणि मी तोच नारळ संध्याकाळी फोडून खायची. तिने कितीही आदळआपट केली तरी मला कधी काही झालं नाही.

गोष्ट २००३ च्या उन्हाळ्यातली. हार्डवेअरचा डिप्लोमा करून मी नाशिकमधल्या एका छोट्या कॉम्प्युटरच्या दुकानात लागले होते. बाहेरच्या कामांना जाणारी मी एकटीच मुलगी. गिऱ्हाईक मला चहा द्यायचं आणि विचारायचं, इंजिनियर कधी येणार?

त्या वर्षी आमच्या शेठना सिन्नरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं काम मिळालं. नाव लिहीत नाही, तो कारखाना आता बंदही झालाय. गेटवरच्या केबिनमध्ये एक कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला स्मार्ट कार्ड रीडर. कामगाराने आत जाताना कार्ड खाचेत घालायचं, बीप वाजला की स्क्रीनवर नाव, वार, वेळ आणि ‘आत’ असं यायचं. कार्डात फक्त नंबर असायचा. नाव कॉम्प्युटरमधल्या यादीतून यायचं. हे लक्षात ठेवा. कायम कामगारांचा फोटोसुद्धा दिसायचा. कंत्राटी माणसांचे फोटो घ्यायचे नाहीत असं कामगारांचं पर्सनल खातं बघणाऱ्या साहेबांनी ठरवलं होतं, उगाच वेळ जातो म्हणून.

ते रीडर म्हणजे डोकेदुखी होती. आजच्यासारखं नुसतं खोचलं की चाललं, असं नव्हतं. डेटा जायचा मागच्या सीरियल पोर्टमधून आणि वीज मिळायची की-बोर्डच्या पिनमधून, म्हणजे एका केबलला दोन तोंडं. एक तोंड जरा सैल झालं की रीडर मेला. ड्रायव्हर उडायचा. कार्डवरच्या सोनेरी चिपला तेल आणि लोखंडाची भुकटी बसायची, मग शाळेतल्या खोडरबराने ती घासायची. मी गेटवरच्या वॉचमनला, सांगळे मामांना, एक खोडरबर देऊनच ठेवलं होतं. मामा फौजेतून रिटायर झालेले, मोजकंच बोलणारे.

एका मंगळवारी फोन आला, रीडर बंद आहे. मी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सिन्नरची एसटी पकडून गेले. बघते तर कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कोणीतरी कोरी करून ठेवलेली. विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, आमचं सॉफ्टवेअर नाही. विचारलं तर साहेब म्हणाले, व्हायरस असेल. रोजचा बॅकअप फ्लॉपीवर त्यांच्या ड्रॉवरमध्ये असायचा, तो मागितला. ती फ्लॉपीही खराब झाली म्हणे. कामगारांच्या नावांची एक नवीन फ्लॉपी मात्र त्यांनी तयार ठेवली होती. मी दुपारपर्यंत सगळं परत टाकलं, नवी यादी भरली, रीडर चालू करून दिला.

निघताना साहेबांनी माझं सर्व्हिस रिपोर्टचं पुस्तक पुढ्यात सरकवलं आणि काय लिहायचं ते सांगितलं. ‘सोमवार सकाळपासून रीडर पूर्ण बंद, नोंदी उपलब्ध नाहीत.’ मी म्हटलं, सोमवारी मी इथे नव्हते. ते म्हणाले, “मॅडम, फॉर्मॅलिटी आहे. एसटी चुकेल तुमची.”

मी लिहिलं. खाली सही केली. एसटी पकडली.

गुरुवारी परत फोन. रीडर भलतंच नाव दाखवतोय. मी पोचले तेव्हा केबिनमध्ये साहेब लाल होऊन उभे होते. त्यांनी स्वतःचं कार्ड घालून दाखवलं. बीप झाला. स्क्रीनवर आलं — देवराम भोये, सोमवार, ६.५२, आत.

दुसऱ्याचं कार्ड घातलं. देवराम भोये, सोमवार, ६.५२, आत. स्टोअरकीपरचं, कॅन्टीनवाल्याचं, सगळ्यांचं तेच. वार गुरुवार, कॉम्प्युटरचं घड्याळ साडेअकरा दाखवतंय, आणि हा आपला सोमवारी सकाळी सहा बावन्नला आत येतोय.

मला वाटलं, यादीत गडबड असेल. यादी उघडली तर त्यात देवराम भोये नावच नव्हतं. पूर्ण हार्ड डिस्क शोधली. कुठेच नाही, आणि असणार तरी कुठून? दोनच दिवसांपूर्वी मी स्वतः कोऱ्या डिस्कवर सगळं भरलेलं. बॅगेतून सीलबंद नवा रीडर काढून लावला. तेच. दुकानात फोन करून दुसरा सीपीयू टेम्पोने मागवला, त्यावर पहिल्यापासून सगळं टाकलं. तेच. शेवटी माझं टेस्टिंगचं कोरं कार्ड घातलं. त्यावर नंबरसुद्धा नव्हता. कोऱ्या कार्डाला सॉफ्टवेअरने ‘अवैध कार्ड’ म्हणायला हवं होतं.

देवराम भोये, सोमवार, ६.५२, आत.

साहेब तोवर निघून गेले होते. मी सांगळे मामांना विचारलं, हा देवराम भोये कोण? मामांनी आधी खिडकी लावून घेतली. मग खुर्चीवर बसले आणि खालच्या आवाजात सांगितलं.

देवराम पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. भाताची कामं उरकली की दरवर्षी कंत्राटदाराबरोबर इकडे कामाला यायचा. सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला प्रेस शॉपमध्ये साखळी तुटून वजनदार डाय, म्हणजे लोखंडी साचा, त्याच्या अंगावर आला. जागच्या जागी गेला. आणि कंपनीने पोलिसांना सांगितलं की हा माणूस त्या दिवशी कामावर नव्हताच. मागच्या भिंतीवरून तांब्याचं भंगार चोरायला आत शिरला होता.

“मीच सोडला त्याला आत,” मामा म्हणाले. “कार्ड घेत नव्हतं. मी रबराने घासून दिलं. मग बीप झाला. सहा बावन्न.”

मी विचारलं, मग तुम्ही सांगितलं का नाही? त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्याकडूनही मंगळवारीच एक कागद सही करून घेतला होता — सोमवारी देवराम भोये गेटमधून आला नाही. रिटायरमेंटनंतरची नोकरी, घरात लग्नाची मुलगी. मी त्यांना कोणत्या तोंडाने बोलणार? त्या माणसाला चोर ठरवणाऱ्या फाईलमध्ये पहिला कागद माझा होता. तो कागद मी कुणाच्या धाकाने लिहिला नव्हता. एसटी चुकू नये म्हणून लिहिला होता. मला तेव्हा स्वतःचा इतका संताप आला की हातातला स्क्रू ड्रायव्हर मी टेबलावर आपटला.

गेटसमोरच्या लिंबाखाली एक बाई आणि एक माणूस बसले होते. येताना पाहिले होते, पण लक्ष दिलं नव्हतं. ती देवरामची बायको, यमुना. बरोबर दीर. मंगळवारी गावी अंत्यविधी झाला आणि गुरुवारी सकाळी ही परत इथे. साहेब तिला आत घेत नव्हते. मी जाऊन तिच्याजवळ बसले. म्हटलं, तुम्हाला काय पाहिजे साहेबांकडून?

ती म्हणाली, “माझा मालक चोर नव्हता, बाई. कामाला बोलावला म्हणून आला व्हता. येवढं लिहून द्या म्हणावं.”

एवढंच. दुसरं काही मागत नव्हती. दिराने सांगितलं, पाड्यावर बातमी पोचली आहे, शाळेत पोरांना बाकीची पोरं चोराची म्हणतात. मी त्याच्या कार्डाबद्दल विचारलं. तिने कमरेच्या पिशवीतून दाखवलं. दवाखान्यातून कपड्यांबरोबर मिळालेलं. मधोमध मोडलेलं, चिपचे दोन तुकडे. म्हणजे ते कोणी रीडरमध्ये घातलं असेल, हीसुद्धा शंका मिटली.

शुक्रवारी सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होते. साहेबांनी मला सकाळी आठलाच बोलावलं. म्हणाले, रीडर डिस्कनेक्ट करून ठेवा, इन्स्पेक्टरना बंद मशीन दाखवायचं आहे. मी म्हटलं, मशीन बंद नव्हतं, सोमवारी चालू होतं. साहेब इतकंच म्हणाले की तुमचा रिपोर्ट माझ्याकडे आहे, आणि तुमच्या शेठशी माझं बोलणं झालंय.

काय सांगू… मी केबल काढली. दोन्ही तोंडं. हातात धरून उभी राहिले, एखाद्या पाळीव जनावरासारखी.

इन्स्पेक्टर आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, हातात कापडी पिशवी. साहेब त्यांना समजावत होते की ही सिस्टीम सोमवारपासून मृत आहे, त्यामुळे त्या माणसाच्या येण्याची नोंद असण्याचा प्रश्नच नाही. आणि ती मृत आहे हे दाखवायला त्यांनी खिशातून आपलं कार्ड काढलं आणि त्या केबल नसलेल्या रीडरमध्ये घातलं.

बीप झाला.

रीडरवरचा हिरवा दिवा लागला होता. मी आधी दिव्याकडे पाहिलं, मग हातातल्या केबलकडे. इन्स्पेक्टरांनीही तेच केलं. मग आम्ही सगळ्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. नाव, वार, वेळ आणि ‘आत’.

“हे कोण?” इन्स्पेक्टरांनी विचारलं.

साहेबांनी कार्ड ओढून काढलं. नाव गेलं नाही. ते सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम वगैरे काही पुटपुटले. मग मागून सांगळे मामांचा आवाज आला. दारात ताठ उभे होते, फौजेत उभे राहतात तसे.

“आमचा माणूस आहे, साहेब. सोमवारी सकाळी मीच याला आत सोडला. मी आधी सही करून दिली ती खोटी आहे.”

मामा बोलले म्हणून मी बोलले. खरं तेच लिहिते, आधी माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मी सांगितलं की सोमवारबद्दलचा माझा रिपोर्ट खोटा आहे, मी त्या दिवशी इथे नव्हते, आणि मंगळवारी मला हार्ड डिस्क पुसलेली मिळाली. साहेब माझ्यावर ओरडले. या पोरीनेच प्रोग्राममध्ये काहीतरी घुसवलंय, म्हणाले. इन्स्पेक्टरांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं, पिशवीतून कागद काढले आणि आम्हा दोघांचे जबाब तिथेच लिहून घेतले. लिहून होईपर्यंत स्क्रीनवर ते नाव तसंच होतं. मी शेवटची सही केली, वर पाहिलं, तर स्क्रीन रिकामी. हिरवा दिवाही विझलेला.

त्यानंतर ते नाव पुन्हा आलं नाही. मी केबल जोडून दहा-बारा कार्डं घालून पाहिली. ज्याचं त्याचं नाव येत होतं.

मामांची नोकरी त्याच आठवड्यात गेली. माझीही. शेठ म्हणाले, गिऱ्हाईक तोडणारी माणसं मला परवडत नाहीत. साहेबांचं काय झालं म्हणाल तर काही नाही. त्यांची बदली दुसऱ्या युनिटला झाली, तीही बढतीवर. हे लिहिताना आजही माझे दात आवळले जातात.

पण कागद बदलला. काही महिन्यांनी देवरामचा भाऊ मखमलाबादला आमच्या मळ्यात आला, यमुनाला घेऊन. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं की मृत्यू कामावर असताना झाला. तिला वाचता येत नव्हतं. तिने मला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावला, आणि मग विचारलं, यात चोर कुठंच नाय ना? मी म्हटलं, नाही. आईने तिला जेवायला थांबवून घेतलं.

आता कोणी म्हणेल, रीडरमध्ये चार्ज शिल्लक असेल. जुनी नोंद मेमरीत अडकली असेल. हे सगळं पुढची कित्येक वर्षं माझ्यापेक्षा हुशार लोकांना विचारून झालंय. नवा रीडर, नवा सीपीयू, कोरं कार्ड आणि केबल माझ्या हातात, इथवर आलं की सगळे विषय बदलतात.

पाच-सहा वर्षांनी ते इन्स्पेक्टर मला नाशिकरोडच्या बस स्टँडवर भेटले. मी ओळख दिली. त्यांनी लगेच ओळखलं. मी सरळ विचारलं, “सर, केबल काढलेली होती हे तुम्ही पाहिलं होतं ना?”

“पाहिलं होतं.”

“मग तुमच्या रिपोर्टमध्ये त्याचा एक शब्दही नाही. का?”

त्यांनी कापडी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाले, “मी ते लिहिलं असतं, तर देवराम भोये कसा मेला हे कोणीच वाचलं नसतं. सगळ्यांनी रीडरचंच वाचलं असतं.”

मग ते काय होतं, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. माहीत नाही, म्हणाले, आणि त्यांची बस लागली होती म्हणून निघून गेले. मलाही माहीत नाही. आणि मला पक्कं ठाऊक आहे, आता खाली तुम्ही सगळे रीडरबद्दलच विचारणार आहात.