मावशीचं दाताळं

परवा झरीच्या रस्त्यावर सोयाबीनचं भुसकट जळाल्याचा वास आला आणि संतापाच्याही आधी तिथल्याच रानात भेटलेली एक शेतकरी मावशी आठवली. काही वर्षांपूर्वीची दिवाळीनंतरची दुपार होती. मळणीयंत्र नुकतंच गेलेलं, काळ्या रानात भुसकटाचा मोठा ढीग आणि मावशी काडेपेटी घेऊन उभी. मी आमच्या माती वाचवा मोहिमेच्या पत्रकांचा गठ्ठा नाचवत ओरडले, "जाळू नका, रानात पसरा! माती जिवंत असते, तुम्ही तिचा जीव घेताय!" तिने शांतपणे हात पुढे केला. "आण बरं एक. पेटवायला कागुदच न्हाई माझ्यापाशी." मी गोरीमोरी झाले तशी ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "उद्या सकाळी टोळीसंगं ऊस तोडायला जायलाव आमी. आज हे रान मोकळं झालं न्हाई, तर मागं दिराला हरभरा पेरता यायचा न्हाई. कोण पसरील हे, तुझं पत्रक?" याचं उत्तर आमच्या एकाही पत्रकात नव्हतं. मी गठ्ठा बांधावर ठेवला आणि तिथलं दाताळं, भुसकट ओढायचं लांब दांड्याचं दातेरी अवजार, उचललं. "उलटं धरलंस की गं माय!" म्हणत तिने ते सरळ करून दिलं, काडेपेटी कमरेला खोचली आणि दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघींनी तो ढीग रानभर पातळ पसरला. माझ्या हाताला फोड आले, काडी मात्र पेटली नाही. जाळणाऱ्यांवरचा माझा राग अजूनही गेलेला नाही. पण तिच्या कृपेने गाडीला आता कायम दाताळं बांधलेलं असतं. परवाही उतरले, पत्रकं डिकीतच राहू दिली आणि धुरात उभ्या माणसाला विचारलं, "काका, तुमच्यापाशी दाताळं हाय का? माझं मी आणलंय."