भैरवीनंतरचं गाणं

आमच्या डोंबिवलीच्या घरात 'छान' म्हणायला बंदी होती. एरवी नाही, भाजी छान झाली असं खुशाल म्हणता यायचं. पण महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी बाबांची बैठक भरायची, तेव्हा हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवून यायचं. चार-सहा कानसेन जमायचे, बाबा काहीतरी लावायचे, आणि ते संपलं की दाराजवळच्या खुर्चीपासून सुरुवात करून एकेकाने अभिप्राय द्यायचा. "छान हा अभिप्राय नव्हे, ती पळवाट आहे," असं बाबांचं ठाम मत. दुसरा नियम असा की, ज्याने ऐकायला आणलंय त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. तिसरा नियम आईचा होता. अभिप्राय संपल्याशिवाय चहा बाहेर येणार नाही. त्यामुळे कोणी लांबण लावली की बाकीचेच त्याला आवरायचे.

आई स्वतः बैठकीत कधी बसली नाही. ती आत पोहे परतत ऐकायची आणि मध्येच "अहो, तंबोरा उतरलाय वाटतं" असं आतूनच सांगायची. बाबा कपाळाला आठ्या घालायचे, परत नीट ऐकायचे, आणि मग काही बोलायचे नाहीत. म्हणजे ती बरोबर असायची.

आई गेली आणि बैठक बंद पडली. बाबा तिच्याबद्दल बोलायचेच बंद झाले. गॅस, दूध, सोसायटीची पाण्याची टाकी, यांवर हवं तेवढं बोलायचे. आईचा विषय निघाला की मान वर करून पंख्याकडे बघायचे. मी घोडबंदर रोडला राहतो. दर रविवारी जायचो, पाण्याच्या टाकीबद्दल बोलून परत यायचो. मला या सगळ्याचा रागही यायचा. माझी आई गेली होती आणि तिच्याबद्दल बोलायला घरात माणूस नव्हतं.

मग मी जे केलं ते माझ्या वयाच्या, पोट सुटलेल्या, हप्ते भरणाऱ्या माणसाला शोभणारं नाही. मी ड्रॅगनवर अल्बम काढला.

मी आमच्या ऑफिसमधल्या बॅंडमध्ये कीबोर्ड वाजवतो. आम्ही जे वाजवतो त्याला सिम्फॉनिक पॉवर मेटल म्हणतात. इलेक्ट्रिक गिटार, उधळलेल्या घोड्यासारखे ड्रम, मागे व्हायोलिनांचा अख्खा ताफा, आणि वरच्या पट्टीत जिवाच्या आकांताने गाणारा एक माणूस. विषय राजे, तलवारी, वादळं. आमचा अल्बम तर कॉन्सेप्ट अल्बम होता, म्हणजे सगळ्या गाण्यांतून मिळून एकच गोष्ट. राणी आपल्या मुलाला किल्ल्याच्या दारातून निरोप देते, तो ड्रॅगन मारायला जातो, लढाया जिंकतो, परत येतो तर किल्ला रिकामा. शेवटच्या गाण्यात राणीची अंत्ययात्रा आणि भलामोठा समूहस्वर. तो समूह म्हणजे आम्हीच चौघं, वेगवेगळ्या आवाजांत पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलेले. त्या गाण्यापायी माझ्या नाकी नऊ आले होते, आणि माझा सगळा जीवही त्याच गाण्यात होता.

राणी कोण हे मी बॅंडमध्येही सांगितलं नव्हतं. खरी राणी गाऊनवर ओढणी घेऊन, तिसऱ्या मजल्यावर दार उघडं ठेवून उभी राहायची. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. माझी पावलं जिन्यावरून पार खाली पोचेपर्यंत ती दार लावायची नाही. मग वरून कडीचा आवाज यायचा. बाबांचं असं काही नव्हतं. मी पहिल्या वळणावर पोचायच्या आत ते टीव्हीसमोर असायचे.

निरोपाच्या गाण्याच्या शेवटी मी कडीचा आवाज टाकला होता. आंबिवलीहून येणारा आमचा ड्रमर म्हणाला, "किल्ल्याच्या दरवाजाला कडी? भाई, ड्रॅगन काय बेल वाजवून येणारे का?" मी हट्टाने आवाज ठेवला. इंटरनेटवर अल्बम टाकल्यावर जे थोडे अभिप्राय आले, त्यांत कडीचा उल्लेखही नव्हता. एकाने लिहिलं, कीबोर्ड कमी करा. दुसऱ्याने विचारलं, ड्रॅगन तिसऱ्या गाण्यात मेला, तर सातव्यात आग कोण ओकतंय? प्रश्न रास्त होता, त्यामुळे मी उत्तर दिलं नाही.

मला ज्यांचा अभिप्राय हवा होता ते इंटरनेटवर नव्हतेच. बाबांनी ते शेवटचं गाणं ऐकावं, आणि ही राणी कोण ते त्यांना कळावं, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून मी त्यांच्या मागेच लागलो, की बैठक परत भरवा, मी अल्बम आणतो. बरेच दिवस त्यांनी ते कानामागे टाकलं. शेवटी एका रविवारी म्हणाले, "पेन ड्राइव्ह ठेवून जा. संयोजकाने आधी ऐकायचं असतं. पुढच्या रविवारी लावू."

पुढच्या रविवारी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अख्खा अल्बम ऐकून झाला आणि परत पहिलं गाणं सुरू झालं तरी मी तिथेच होतो. पोचलो तेव्हा तिघं येऊन बसले होते. दाराजवळ बाबांचे बॅंकेतले निवृत्त मित्र, जे स्वतः पेटी वाजवतात आणि पूर्वी संगीत नाटकांत ऑर्गनवर बसायचे. त्यांच्या शेजारी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. आणि पहिल्या मजल्यावरचे कुडाळकडचे काका, जे बैठकीला मुख्यतः पोह्यांसाठी येतात असा आईचा संशय होता. बाबांनी चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवला होता. थर्मासचं झाकण घट्ट बंद होतं. नियम म्हणजे नियम.

बाबांनी रिमोट दाबला. पहिलं गाणं लागलंच नाही. लागलं ते रिकाम्या किल्ल्याचं संथ गाणं, शेवटून दुसरं. मला वाटलं, बटण चुकलं. ते संपल्यावर दुसरं संथ गाणं आलं. मग मध्यम लयीतलं प्रवासाचं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी माझा अल्बम मैफलीसारखा लावला होता. आधी विलंबित, मग मध्यलय, मग द्रुत. आयुष्यभर त्यांनी गाणं असंच ऐकलं होतं आणि ड्रॅगनसाठी ते नियम बदलणार नव्हते.

माझ्या गोष्टीचं पार भरीत झालं होतं. मुलगा आधी रडत होता आणि मग घराबाहेर पडत होता. ड्रॅगन मरून पुन्हा अंड्यातून बाहेर येत होता. मला ओरडून सांगायचं होतं, की थांबा, हा क्रम नाही. पण ज्याने आणलंय त्याने बोलायचं नाही.

द्रुत आलं तेव्हा खिडकीची काच थरथरायला लागली. शेवटी बाबांनी निरोपाचं गाणं लावलं. त्याची चाल मी आई कुकर लावताना जी भैरवी गुणगुणायची तिच्यावरून घेतली होती. भैरवीतला कोमल रिषभ मेटलवाल्यांनाही फार प्रिय, त्यामुळे बॅंडमध्ये कोणाला शंका आली नाही. कडी वाजली आणि बाबांनी अॅम्प्लिफायर बंद केला.

"अजून एक राहिलंय ना रे?" बाईंनी मला विचारलं. एकूण गाणी किती ते मी आल्याआल्या सांगितलं होतं.

"भैरवी झाली," बाबा म्हणाले. "भैरवीनंतर काही लावत नाहीत. चला, अभिप्राय."

माझं अंत्ययात्रेचं गाणं, माझा चौघांचा महाप्रचंड समूहस्वर, सगळं त्या पेन ड्राइव्हमध्येच राहिलं. मी इतका चिडलो होतो की पहिल्या अभिप्रायाची सुरुवात मला नीट ऐकूच आली नाही.

"...तबलजीला कुठली गाडी पकडायची आहे?" पेटीवाले विचारत होते. "आणि एका माणसाचे हात इतके चालतात?"

मला बोलता येत नव्हतं. मी नुसतेच पाय हलवून दाखवले.

"पायाने? वाद्याला पाय लावतात?"

"नाटकातला ऑर्गन वाजवताना तुम्ही भाता पायाने नाही, हाताने मारायचात का?" बाईंनी विचारलं. पेटीवाले थर्मासकडे बघायला लागले.

बाईंनी चष्मा काढला. "रचना मला आवडली. मुलगा परत आलाय, घर रिकामं आहे. मग सगळं त्याला आठवत जातं, मागे मागे. लढाया, प्रवास. आणि शेवटी कोण? दारात उभी असलेली आई. हा क्रम ज्याला सुचला त्याचं खरंच कौतुक आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. न केलेल्या कामाचं कौतुक असं तोंड मिटून घ्यावं लागलं. बाबा पंख्याकडे बघत होते.

"ह्यो तर आमचोच दशावतार रे!" कुडाळचे काका म्हणाले. "राजा येता, तलवार फिरवता, गर्जना करता. फक्त एक सांग, त्या गाणाऱ्याक कोणी मारल्यानी काय? एवढो कित्याक बोंबलता?"

यावर थर्मास उघडला गेला. आता मला बोलायची परवानगी होती, पण मी कप भरत राहिलो. बाबांनी स्वतः अभिप्राय दिलाच नाही. चहा बेतास बात होता, पोहे नव्हते, तरी मंडळी अंधार पडेपर्यंत हलली नाहीत. जाताना पेटीवाल्यांनी पुढच्या महिन्याची तारीख विचारली आणि बाबांनी ती दिलीसुद्धा.

मी कपबश्या विसळल्या, चपला घातल्या, आणि दाराबाहेर आल्यावर मात्र माझ्याने राहवेना. "बाबा, तुम्ही शेवटचं गाणं का नाही लावलंत? तेच तर खरं गाणं होतं."

"ऐकलंय मी ते," बाबा म्हणाले. "आठवडाभर रोज ऐकलं."

"मग?"

"त्यात ती जाते ना रे." बाबा पंख्याकडे बघत नव्हते, आणि जिन्यात पंखा नव्हताच. "आपलं आपण ऐकतो ते वेगळं. पण एवढ्या दिवसांनी घरात माणसं आली होती. त्यांच्यासमोर तिला परत कशाला घालवायची? म्हटलं, दारात उभी आहे तिथेच थांबवू."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाबांनी खांद्यावर हात ठेवला आणि घसा साफ केला. घसा साफ केला की ते दोष सांगतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"कडी मात्र चुकलीय तुझी," ते म्हणाले. "ती कुठली तरी भलत्याच दाराची आहे. आपली कडी अडकते. ती आधी जरा उचलायची आणि मग सरकवायची. दोन आवाज होतात. तिला बरोबर जमायचं, मला अजून त्रास देते. पुढच्या रविवारी तुझं ते रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन ये. दार तेच आहे."

"आणतो," मी म्हणालो.

मी जिना उतरायला लागलो. पहिलं वळण आलं, टीव्हीचा आवाज आला नाही. दुसरं आलं. काकांच्या मजल्यावर फोडणीचा वास येत होता. मी तळमजल्यावर पोचून फाटकाशी थांबलो, तेव्हा वरून कडीचा आवाज आला. आधी उचलल्याचा, मग सरकल्याचा.