मेंढीकोट सुरू करून देणारे भाऊ

"सरका, सुरू करून देतो," म्हणत भाऊ आधी दोन्ही हातांची बोटं कडाकड मोडायचे आणि मगच टर्मिनलसमोर बसायचे. पेटी वाजवणारा मैफलीला बसतो तसे. पुढे दाबायचं असायचं ते एकच बटण.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आमच्या नागपूरच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला होता. मशीन काचेच्या थंड खोलीत आणि त्याला जोडलेली चार टर्मिनलं बाहेर, आमच्या टेबलांवर. मी तिथे पगारपत्रकं भरायची. भाऊ शेजारच्या टेबलावर. वयानं आम्हां सगळ्यांपेक्षा मोठे, रोज खाप्याहून बसनं येणारे.

मशीन बसवायला आलेला इंजिनियर जाताना त्यात पत्त्यांचा एक खेळ ठेवून गेला. चौघांनी चार टर्मिनलांवर बसून मेंढीकोट खेळायचा. दोघं विरुद्ध दोघं, एकमेकांच्या दश्श्या पकडायच्या. पण तो सुरू करणं म्हणजे दिव्य. चारही ठिकाणी इंग्रजीत लांबलचक काहीबाही टाइप करायचं, एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. जेवणाची सुट्टी त्यातच संपायची.

भाऊंना पत्त्यांचं वेड होतं आणि खेळता अजिबात येत नव्हतं. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. चांगली पानं आली की यांचा चेहराच सगळ्यांना सांगायचा. हुकूम कशाचा ते विसरायचे. हातातली दश्शी समोरच्यांना फुकट देऊन वर म्हणायचे, "जाऊ द्या गा, पुढच्या डावात पाहू!" कॅन्टीनमधल्या पत्त्यांच्या टोळीचा म्होरक्या देशकर. तो यांना बसूच देत नसे.

मग भाऊंनी कॉम्प्युटरचं जाडजूड पुस्तक उघडलं. एकेका शब्दासाठी मला विचारायचे, "हे काय म्हणून राहिलं वं?" आणि एके दिवशी त्यांनी स्वतःचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. आपला परवलीचा शब्द टाकून एक बटण दाबलं की चारही पडदे जोडले जायचे, पानं वाटली जायची, आणि वर इंग्रजी अक्षरांत भाऊंचं नाव झळकायचं.

"नाव कशाला टाकलंत?" मी विचारलं.

"मग कोणाचं टाकू?"

परवलीचा शब्द फक्त त्यांना ठाऊक, म्हणून चौथी खुर्ची त्यांची. देशकर दातओठ खात त्यांना भिडू करून घ्यायचा. हरल्यावर भाऊ सगळ्यांना चहा पाजायचे. इतका आनंदी माणूस मी त्या ऑफिसात दुसरा पाहिला नाही.

मग एकदा देशकर गोड आवाजात म्हणाला, "भाऊ, तुम्ही रजेवर गेले की आमची पंचाईत होते. कोणीही दाबलं तरी सुरू व्हावं, असं करा न."

मी हळूच म्हटलं, "नका करू."

"काहून वं? त्यायचं अडते न माझ्यामुळं."

त्यांनी ते मन लावून केलं. त्यानंतरच्या सोमवारी भाऊ डबा धुऊन आले, तर चौथ्या खुर्चीवर अकाउंट्सचा एक जण बसलेला. देशकरनं मान वर न करता सांगितलं, "आज भरलं, भाऊ." पुढे ते रोजच भरलेलं असायचं. भाऊ खुर्चीमागे उभे राहायचे. कोणी बरं पान टाकलं की "वा!" म्हणायचे. मग देशकरनं तेही बंद केलं. "बोलू नका भाऊ, लक्ष जातं."

आणि एका दुपारी वरच्या ऑफिसातले मोठे साहेब तपासणीला आले, न सांगता. चारही पडद्यांवर पानं, आणि वर भाऊंचं नाव.

"कोण खेळतं हे?"

चौघांच्या माना खाली. मला राहवलं नाही. "साहेब, भाऊ खेळत नाहीत. यांना तर कोणी बसूही देत नाही."

भाऊंनी माझ्याकडे रागानं पाहिलं.

"मी खेळतो, साहेब," ते म्हणाले. "रोज खेळतो. यायले मीच बसवतो."

त्यांची कुहीला बदली झाली. तिथे तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. जाताना मी त्यांना जिन्यात गाठलं. "का बोललात असं?"

"तू काहून बोलली वं? एवढ्या लोकायसमोर?" एवढंच म्हणाले आणि उतरून गेले. ते आमचं शेवटचं बोलणं.

नोकरीत असतानाच ते गेले. कुहीहून खबर आली, तशी आमच्या ऑफिसात शोकसभा झाली. वहिनींनाही बोलावलं होतं. देशकर उभा राहिला, रुमाल काढला आणि म्हणाला, "आमचा भिडू गेला."

सभा संपल्यावर वहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्या. "हे मले नेहमी सांगत, सुट्टीत देशकरभाऊसंग डाव असते म्हणून. चांगले खेळत का वं?"

"फार चांगले," मी म्हटलं.

त्यांनी डोळे पुसले. मग उठून देशकरपाशी गेल्या. "तुमी त्यायले आपलं मानलं, भाऊ," म्हणाल्या आणि त्याला हात जोडले.

देशकरनंही जोडले.