फोनने नापास केलेली खाट

मोबाइलमधून प्राणी पकडायचा तो खेळ आला, तेव्हा आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमधली निम्मी माणसं कामातून गेली. फोन समोर धरायचा. कॅमेऱ्यातून नेहमीचाच रस्ता दिसायचा आणि त्यावर मधेच एक डोळे वटारलेलं रंगीत पिल्लू उभं असायचं. खऱ्या रस्त्यावर त्या जागी अर्थातच खड्डा असायचा. बोट फिरवून त्या नसलेल्या पिल्लाला पकडायचं आणि लगेच दुसरं नसलेलं पिल्लू शोधायला निघायचं. पकडून करायचं काय, असं मी विचारलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायचे.

गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेले, पोट सुटलेले बाप्ये संध्याकाळी पिंपळे गुरवच्या बागेत हात लांब करून फिरताना मी पाहिले आहेत. एक जण नुकत्याच रंगवलेल्या बाकावर बसला, उठला, तरी त्याचं लक्ष फोनमध्येच. पँटवर मागे हिरवे पट्टे घेऊन तो पार गेटपर्यंत गेला. मी हाक मारून सांगितलं नाही. तिकीट न काढता एवढी करमणूक होत असताना त्यात मोडता कशाला घालायचा?

माझं काम इन्स्पेक्शनचं. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग आमच्याकडे बनतात. मशीनवरून उतरलेला भाग, आम्ही त्याला जॉब म्हणतो, तपासणीला माझ्या टेबलावर येतो. केसाच्या जाडीहून कमी फरक असला तरी मी तो नापास करतो. माझ्या पाठीमागे मला काय काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानच आहे.

चाकणजवळच्या गावातला, घरची शेती सांभाळून शिफ्ट करणारा आमचा एक ऑपरेटर एकदा माझ्या टेबलासमोर फोन रोखून उभा राहिला.

"राव, हलू नका. तुमच्या टेबलावर बसलंय. लई दुर्मिळ हाय."

"टेबलावर तुझे बारा जॉब बसलेत. बाराही रिजेक्ट आहेत."

"व्हय, व्हय, ते बघू मागनं. आदी हे धरू द्या."

त्याने ते धरलं आणि मी त्याच्या बारा जॉबना लाल टॅग लावून लाल पेटीत टाकलं. आमच्याकडे रीत अशी, की लाल टॅग लागलेला जॉब पुन्हा कुणी मोजत नाही. मापाचा कागद जोडलेला असतो, खाली सही असते. कुणी तावातावाने विचारायला आलंच तर तो कागद पुढे करायचा. नकार कागद देतो, आपल्याला तोंड उघडावं लागत नाही. वीस वर्षांत मला याची इतकी सवय झाली होती, की ती सवय आहे हेच मी विसरून गेलो होतो.

आता लपवण्यात अर्थ नाही, तो खेळ मीही तीन दिवस खेळलो. लोकांना एवढं काय सापडतंय ते बघू, अशी स्वतःची समजूत घालून. तिसऱ्या दिवशी डांगे चौकाजवळच्या मंडईत एक पिल्लू मेथीच्या जुड्यांमागे दिसलं. मी नेम धरला, तर भाजीवाल्या मावशींना वाटलं मी त्यांचाच फोटो काढतोय. भर बाजारात त्यांनी माझा असा उद्धार केला, की शेजारचा कांदेवाला वजन करायचं थांबून ऐकत राहिला. घरी येऊन मी खेळ काढून टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून खेळणाऱ्यांना दुप्पट नावं ठेवायला लागलो.

आमची मुलगी तेव्हा नववीत होती. तिने मात्र माझा पिच्छा सोडला नाही. रोज काहीतरी नवीन उतरवून घ्यायची आणि पहिला प्रयोग माझ्यावर. चष्मा घालून बघायचं एक ॲप होतं, त्यातला चष्मा माझ्या कपाळावर बसायचा आणि मी मान वळवली तरी तो जागचा हलायचा नाही. एक ग्रहताऱ्यांचं होतं. थेरगावच्या आमच्या गच्चीवरून धूळ आणि दिव्यांचा उजेड सोडून आभाळात काही दिसत नाही, पण फोनला सगळं दिसायचं. शनी शोधला तर तो खाली, पार्किंगमध्ये, शेजाऱ्यांच्या स्कूटरखाली निघाला. बायको म्हणाली, शेजाऱ्यांच्या साडेसातीला आपण काय करणार.

मग मोजमापाचं ॲप आलं. ते मात्र मी मनावर घेतलं, कारण तो माझ्या पोटापाण्याचा अपमान होता. फोन धरून या टोकाला एक टिंब ठेवायचं, त्या टोकाला दुसरं, की मधलं अंतर आकड्यात दिसणार. मी तो फोन कामावर नेला. आमच्याकडे शिफ्ट सुरू करताना पहिलं काम असतं ते मापाचं साधन तपासायचं. ज्याचं माप पक्कं माहीत आहे, असा एक मास्टर तुकडा मोजून बघायचा. तो बरोबर आला तरच त्या साधनाला हात लावायचा. तसं मी त्या ॲपला मीटरभर लांबीची स्टीलची पट्टी दाखवली. पहिल्यांदा ती शहाण्णव सेंटिमीटर भरली, दुसऱ्यांदा एकशे तीन, तिसऱ्यांदा एक्याण्णव. जेवणाच्या सुट्टीत आम्ही आठ-दहा जण डबे बाजूला ठेवून पोट दुखेपर्यंत हसलो. असल्या मापावर मी कधी विश्वास ठेवीन, असं मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाही लाल टॅग लावला असता.

त्याच कुळीतलं एक फर्निचरचं ॲप होतं. यादीतून सोफा, कपाट, खाट काहीही निवडायचं आणि फोनमधून ते आपल्या खोलीत मांडून बघायचं. मुलगी हत्तीएवढे सोफे आमच्या वन बीएचकेत मांडायची आणि आम्ही हसायचो.

त्या वर्षी माझी आई गेली. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, परभणीकडच्या गावी एकटे राहिले. पस्तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली होती. आता एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता आणि दुसऱ्यात सुरू झाला होता. आई गेल्यावर चौथ्या महिन्यात एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. पाऊसपाणी, पोरीचा अभ्यास, सगळं विचारून झालं आणि मग ते म्हणाले,

"तुझ्या हॉलात एक खाट बसंल का रे बाबा?"

मी तुझ्याकडे राहायला येऊ का, असं त्यांनी विचारलं नाही. खाटेचं विचारलं. जन्मात त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेही असं. मी नाही म्हणालो तर त्यांच्यापुढे दुसरी वाट काय, हे मला ठाऊक होतं. ताई नांदेडला असते, पण अण्णा जुन्या वळणाचे. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा ते उभ्याने प्यायचे आणि निघायचे. म्हणजे माझ्याकडे नाही, तर तिथेच एकट्याने चाचपडत चूल पेटवणं.

"बघतो अण्णा, मोजून सांगतो," मी म्हणालो.

बायकोची काही हरकत नव्हती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशा गोष्टीत लोक आधी सुनेकडे बोट दाखवतात. ती म्हणाली, येऊ देत की, पोरीलाही सोबत होईल. नको होतं ते मलाच. अण्णा पहाटे चारला उठणार, खाकरणार, रेडिओ लावणार. माझ्या प्रत्येक कामात, गाडी लावण्यापासून गॅसची नळी बदलण्यापर्यंत, दोन शब्द सांगणार. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून मी घरी येतो आणि सोफ्यावर आडवा होतो, तेवढे दोन तास माझे असतात. ते मला सोडायचे नव्हते. एवढी साधी, क्षुद्र गोष्ट होती.

स्टीलचा टेप कपाटाच्या खणात होता. मी तो काढला नाही. मुलीचा फोन मागून घेतला, फर्निचरचं ॲप उघडलं, साधी लोखंडी खाट निवडली आणि हॉलच्या खिडकीखाली मांडली. खाट टीव्हीच्या कपाटात अर्धी घुसली. एक पाय चपलांच्या रॅकमधून आरपार गेला. मी दोन पावलं मागे सरकून पुन्हा मांडली, तरी तेच. कोपऱ्यात लाल अक्षरं आली, की जागा अपुरी आहे. मला काय वाटलं तेही सांगतो. सुटल्यासारखं वाटलं. रीडिंग आलं होतं. मी त्या पडद्याचा फोटो अण्णांना पाठवला आणि खाली लिहिलं, "बघा अण्णा, खूप प्रयत्न केला, पण बसत नाही."

तासाभराने त्यांचा आवाजी निरोप आला. त्यात एकच शब्द होता, "बरं."

अण्णा त्यानंतर सात महिने गावी एकटे होते. मग एकदा दूध उतरवताना त्यांचा हात भाजला आणि दोन दिवस त्यांनी कुणालाच कळवलं नाही. शेजाऱ्यांनी ताईला फोन केला. ताई गेली आणि त्यांना नांदेडला घेऊन आली. लेकीच्या घरी अन्न न शिवणारा माणूस तिच्या घरी राहायला लागला. मला हे ताईने सांगितलं, अण्णांनी नाही. मी दर महिन्याला तिथे फोन करायचो. ते पाऊसपाणी विचारायचे.

पुढे मुलगी दहावी झाली आणि मेकॅनिकलच्या डिप्लोमाला गेली. ड्रॉइंगसाठी तिला मोठं टेबल हवं होतं, सहा बाय तीन. सुतार म्हणाला, साहेब, खिडकीखालची जागा मोजून द्या. मी खण उघडून टेप काढला आणि सवयीप्रमाणे तीनदा मोजलं. सहा फूट पाच इंच. तिन्ही वेळा तेवढंच. बायको स्वयंपाकघरातून विचारत होती, किती भरलं. मी टेप सोडला नाही, चौथ्यांदा मोजलं आणि मग आकडा सांगितला. टेबल आलं, मापात बसलं, वर पाच इंच उरले.

त्याच वर्षी थंडीत डोळे दाखवायला ताई अण्णांना आमच्याकडे घेऊन आली. चार दिवसांसाठी. एका संध्याकाळी ताई आणि बायको बाजारात गेल्या, मुलगी क्लासला. हॉलमध्ये आम्ही दोघंच. अण्णा उठले, टेबलापाशी गेले आणि कडेवरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले.

"सहा बाय तीन हाय ना?"

"हो."

"खाटंएवढंच की."

मी भडाभडा बोलायला लागलो. ते ॲप तेव्हा नवीन होतं, त्या ॲपांची मापं चुकायचीच, कामावर मी त्यातलं एक तपासलंही होतं, मीटरची पट्टी एक्याण्णव भरली होती. म्हणजे स्वतःच्याच तोंडाने मी सांगत होतो, की माप खोटं आहे हे मला आधीपासून माहीत होतं. ते बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

"मला तवाच कळलं व्हतं," अण्णा म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. रस्त्याची माहिती द्यावी तसं सांगत होते. "तुझ्या वास्तुशांतीला आलो तवा ह्याच खिडकीखाली झोपलो न्हाई का मी? तीन फरश्यात माझं अंग मावलं व्हतं. तू पाठवलेल्या फोटूत बी तीन फरश्या मोकळ्या दिसत व्हत्या. आन खाटंचे पाय तर भुईच्या वीतभर वरच व्हते."

एका डोळ्याने अधू माणसाने परभणीजवळच्या खेड्यात बसून त्या फोटोतल्या फरश्या मोजल्या होत्या. मी तो फोटो मापासाठी पाहिलाच नव्हता.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुला न्हाई मनायचं व्हतं तर तोंडानं मनायचं बाबा. त्या फोनला कामून मधी घातलं?"

मी टेबलावरचे कागद गोळा करत म्हणालो, "अण्णा, आता राहा इथे. टेबल आत हलवतो. उद्याच हलवतो."

ते खुर्चीत बसले. खिशातून डोळ्यांच्या थेंबांची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. मी थेंब घातले. त्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली.

"नको," ते म्हणाले. "पोरीचा अभ्यास मोडू नको. ताईकडं बरं हाय माझं. दोन खोल्या हायेत आन माझ्यासकट सात माणसं. तिनं काहीच मोजलं न्हाई. आली आन मनली, चला."