मोजून ठेवलेली जागा

इनामदारकाका पहिल्यांदा माझ्या दारात आले ते हातात पोलादी पात्यांचा जुडगा घेऊन. नमस्कार नाही, ओळख नाही. माझं दार पावसाने फुगून अडकायचं आणि मी ते रोज धाडकन ओढायचे. आवाज खाली त्यांच्या घरात जायचा. त्यांनी दार लावलं, चौकटीच्या फटीत एकेक पातळ पातं सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, वरच्या कोपऱ्यात कागदाएवढीही जागा नाही. दार तरी काय करेल? सुताराला सांगा, रंधा इथेच मारायचा. सगळीकडे मारलात तर थंडीत वारा येईल, मग माझ्याकडे येऊ नका." मी त्यांच्याकडे गेलेच नव्हते, हे सांगायची संधी काही मिळाली नाही.

पुण्यात धायरीतल्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहायचे, मी वर. काका जन्मभर एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे आणि चुकलेले नापास करायचे, हे काम. निवृत्त झाले तरी हात शिवशिवायचे. आता दोघंही नाहीत, ते आणि वसुधाकाकू, पण सोसायटीत कुणी अंदाजाने खिळा ठोकला की अजून लोक म्हणतात, "इनामदार असते तर उपटायला लावला असता."

काकूंची आठवण जायला लागली तेव्हाची ही गोष्ट. आज काय जेवले, मुलगी कुठल्या गावी असते, सगळं पुसट. मात्र त्यांची जुनी पांढरी गाडी त्यांना पक्की ठाऊक. पुढच्या सीटवर बसल्या, काच खाली केली की बाई शांत. दर रविवारी काका त्यांना खडकवासल्याला नेत. मग एकदा वडगावजवळ इंजिन ठकठक करत जाम झालं. काका बॉनेट उघडून वाकले आणि तेवढ्यात काकू दार उघडून गर्दीत चालत्या झाल्या. तासाभराने एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर सापडल्या, एक चप्पल कुठेतरी गेलेली, रडून रडून आवाज बसलेला. हे मला सांगताना काका चहाच्या कपाकडे बघत होते. "तिला घेऊन ही गाडी पुन्हा रस्त्यात थांबणार नाही," एवढंच म्हणाले.

"टॅक्सी करा की," मी म्हटलं.

"केली होती. परक्याच्या गाडीत बसणार नाही म्हणून फाटकाला धरून उभी राहिली."

मग त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये इंजिन उतरवलं. उचलायला त्यांचे जुने दोस्त, नाना पेठेतले मेकॅनिक सादिकभाई आले होते. मी ब्लाउज शिवते. हातशिलाईचं काम घेऊन खाली काकूंजवळ बसायचे, म्हणजे त्या उठून जायच्या नाहीत. काका काम करता करता शिकवत, कुणी विचारलेलं नसताना. इंजिनात क्रँकशाफ्ट नावाचा जाड दांडा फिरतो, तो पाच बेअरिंगांवर. दांडा आणि बेअरिंग यांच्यात केसाहूनही बारीक जागा हवी, तेलाला. "कमी ठेवली तर जाम. जास्त ठेवली तर आपटतो. तुमच्या ब्लाउजसारखंच आहे, शैलाताई."

ती जागा मोजायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. दांडा कोरडा पुसायचा, त्यावर मेणासारखा मऊ धागा आडवा ठेवायचा, वरून कॅप, म्हणजे बेअरिंगचं झाकण, बसवून ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचे. दांडा जरासुद्धा फिरवायचा नाही. कॅप पुन्हा उघडली की धागा चपटा झालेला. जितका रुंद, तितकी जागा कमी. पाकिटावरच्या पट्टीशी लावून बघायचं. चार ठिकाणी धागा सारखा चपटा झाला. पाचव्या ठिकाणी एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. दांडा तिथे तिरका झिजला होता.

"काका, एवढंसं तर आहे," सादिकभाई म्हणाले. "चालून जाईल."

"कुठवर? वडगावपर्यंत?"

सादिकभाईंनी पाना खाली ठेवला. पण माझं डोकं फिरलं. दांडा पुन्हा घासायचा, त्या मापाची बेअरिंगं शोधायची, म्हणजे महिने जाणार. मी म्हटलं, "काका, काकू आज तुम्हाला ओळखतायत. उद्याचं कुणी सांगावं?"

"तुम्ही शिवलेला ब्लाउज काखेत ओढला तर तुम्ही उसवता ना? गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी?"

"उसवते. पण माझं गिऱ्हाईक मला विसरत नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. काकांनी धागा पुसून काढला, "हं" म्हणाले आणि उरलेल्या कॅप सोडवायला लागले. असा हट्टी माणूस! त्या दिवशी मी त्यांच्यावर मनापासून चिडले होते.

दांडा घासून आला, बेअरिंगं काही येईनात. जुनी गाडी, माप मिळत नव्हतं. काका दुकानांना फोन करायचे आणि रिकाम्या इंजिनाला फडकं मारत बसायचे. एका सकाळी काकूंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "हे गृहस्थ कोण हो? रोज येतात." काकांना ऐकू गेलं. फडकं क्षणभर थांबलं. "गाडीच्या कामाला येतो, बाई," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते काकूंना वसू म्हणेनासे झाले. बाईच म्हणायचे.

बेअरिंगं आली. पाचही ठिकाणी धागा दोन्ही टोकांना सारखा उमटला. काकांनी मला बोलावून दाखवला, पण चेहऱ्यावर आनंद काही दिसला नाही.

गाडी सुरू झाल्यावर बरेच दिवस ते एकटेच चालवून बघत होते. मग एका रविवारी आम्ही तिघं खडकवासल्याला गेलो. काकूंनी स्वतःच पुढचं दार उघडलं, काच खाली केली. वडगाव मागे पडलं तेव्हा काकांनी आरशात माझ्याकडे एकदा पाहिलं. धरणाशी कणसं खाल्ली. परत गाडीत बसल्यावर काकू त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही गाडी छान चालवता हो. पण आमच्या ह्यांना विचारलंत ना? ते कुणाला हात लावू देत नाहीत."

"विचारलंय, बाई. नीट सांभाळून ने म्हणाले."

"मग चला लवकर. ते घरी वाट बघत असतील."

मी मागच्या सीटवर तोंडाला पदर लावून रडत होते. काकांनी किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली, आणि घर येईपर्यंत कुठेही थांबली नाही.