दोन फवारे

टेस्ट ट्यूब बाळांच्या लॅबला सुवासाचं वावडं असतं, हे मला बजावून बजावून ताईचा घसा बसला होता. तरी त्या सकाळी मी मानेवर सेंटचे दोन फवारे मारले. होणाऱ्या लेकराच्या दारी जायचं तर जरा नीटनेटकं जावं, एवढाच हेतू. ताई चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला गेलो आणि आतल्या खोलीचं दार उघडून डोकं आत घातलं.

तिनं मला कॉलर धरून बाहेर काढलं.

ताई माझी थोरली बहीण. शाळेच्या दिवसांत रोज मला पाय धरून अंथरुणातून ओढायची. पुढे ती लोकांचे गर्भ पहिले काही दिवस पेटीत सांभाळायला लागली आणि त्यापायी तिनं पावडरसुद्धा सोडली. लग्नात उभी राहिली तीही बिनवासाची. पाल दिसली तर उचलून खिडकीबाहेर ठेवते. अशी बाई त्या दिवशी पांढरीफटक पडली.

"श्वाससुद्धा तिकडे तोंड करून सोड," ती म्हणाली. "असले वास हवेतून पेटीत शिरतात. आणि तेही आज."

"आज काय आहे?"

"आजवर तुमचा गर्भ आईच्या शिदोरीवर चाललाय. बीजातच तिनं निरोप भरून ठेवलेले असतात, त्यांवर. आता ते संपत आले. आता त्याची स्वतःची जनुकं जागी व्हायला हवीत."

"आणि नाही झाली तर?"

"तिथेच थांबतो. तुमचे बाकीचे थांबले तसा."

आमचा हा एकच उरला होता.

"आणि झाली तर?"

"प्रत्येक पेशीत जनुकं तीच. पण एकीत काही उघडतात, काही मिटलेली राहतात, दुसरीत वेगळीच. त्यावरून ठरतं, कोणी बाहेर राहून बाळाला पोसणारी वार व्हायचं, कोणी आत राहून बाळ."

"म्हणजे आपल्या घरासारखंच. आईबाप तेच, पण तू कामाची निघालीस..."

"विनोद करू नकोस."

तिनं मला दारापासून आणखी मागे ढकललं. "इतकी वर्षं झाली," ती म्हणाली, "तरी रोज सकाळी ती पेटी उघडताना मी आधी डोळे मिटून घेते. आता परवा कळेल. जा, आंघोळ कर."

मी मान सोलून निघेपर्यंत घासली. बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भिंतीकडे तोंड करून बसली. जेवायला वाढलं तर म्हणाली, "अजून वास येतोय." मी शर्ट टाकून दिला. मग सेंटची बाटलीही. दोन दिवस आम्ही घरात दबक्या पावलांनी वावरलो, जणू आमच्या चालण्यानंही तिकडे काहीतरी हललं असतं.

ठरल्या सकाळी लॅबबाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. दार उघडलं. ताईच्या तोंडावर मास्क, डोळ्यांवर तोच चष्मा. काही म्हणजे काही कळेना. बायकोनं माझं मनगट इतकं आवळलं की बोटं बधिर झाली.

"आहे," ताई म्हणाली. "बाहेरचा थर धरलाय. आत पेशींचा पुंजका दिसतोय. छान आहे."

बायको ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. भीती सुटली की माझ्या तोंडून नेहमी वेडगळ प्रश्नच बाहेर पडतो.

"कोणावर गेलंय गं?"

ताईनं मास्क खाली ओढला.

"तुझ्यावर नाही, वेळेवर उठलं."