येसू मेस्त्रीचा उलटा खांब

मला लिहायची सवय नाही. पस्तीस वर्षं टपाल वाटलं, तेही दुसऱ्यांनी लिहिलेलं. पण लखू मेस्त्रीबरोबर त्या दिवशी जे झालं त्याचा राग अजून पोटात आहे. तो कागदावर उतरवता येतो का बघतो.

लखू रामनगरचा सुतार, वय चौऱ्याहत्तर. आमचं जुनं गाव सुप्याच्या धरणात गेलं तेव्हा आम्ही दोघं इकडं आलो. शाळा त्यानं दुसरीत सोडली. पण लग्न असो, जत्रा असो, दवाखाना असो, परगावी पोचला की त्याचा पहिला प्रश्न, "इथं जुनं काय हाय?" मग देऊळ, किल्ला, संग्रहालय, जे असेल ते बघितल्याशिवाय तो परत फिरत नाही.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमळ बस्तीत, म्हणजे जैन देवळात, तो फरशीवर उताणा पडला होता. छतात दगडी कमळ आहे, ते बघायला. एकानं विचारलं, "मेस्त्री, झीट आली काय?"

"यायचीच बाकी हाय. एवढा दगुड वर लोंबतोय आन पडत न्हाई, ते कसं ते बघू दे."

विजापूरला गोलघुमटात आम्ही सगळे आपलाच आवाज ऐकायला ओरडत होतो, हा खाली दाराच्या चौकटीवरून हात फिरवत होता. हळशीच्या देवळात खांबाभोवती सुतळी गुंडाळून त्यानं घेर मोजला आणि तिथं गाठ मारली. अशा गाठींच्या सुतळ्यांचा एक डबाच आहे त्याच्या घरी. कुठली सुतळी कुठल्या खांबाची, सगळं तोंडपाठ. फुलावैनी, म्हणजे त्याची बायको, म्हणते, "लोकांचे नवरे जत्रेतनं बांगड्या आणत्यात. आमच्या नशिबात सुतळी."

गेल्या मार्गशीर्षात त्याच्या नातीचा, नेत्राचा, साखरपुडा करून आम्ही टेम्पोनं परत येत होतो. हमरस्त्यावर एक नवं खाजगी संग्रहालय दिसलं. नाव लिहीत नाही. लखूनं टेम्पो थांबवला. बाकीचे चहाला गेले. तो, फुलावैनी आणि मी तिकिटं काढून आत गेलो.

आत शिरताच त्याचं डोकं फिरलं. नांगर आडवा करून त्यावर काच टाकली होती, झालं टेबल. पाळण्यात प्लास्टिकची फुलं. भाताची कणगी कापून तिच्यात दिवा बसवलेला. "मसणात जाऊ दे ह्यांची अक्कल," लखू म्हणाला. "वस्तू कशासाठी केली ते तरी इचारायचं कुणाला."

तिसऱ्या खोलीत तो एकदम थांबला. मधोमध एक सागवानी कोरीव खांब उभा होता. पाटीवर लिहिलं होतं, 'देवळाचा खांब. कारागीर अज्ञात.' लखूनं त्याच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"गुरुदासा," तो मला म्हणाला, "ह्यो आपल्या देवळातला. माझ्या बाबानं केलेला. खरवतीच्या खरखरीत पानानं मी घासलाय ह्येला, हाताची सालं निघाली व्हती." आणि मग, आवाज चढवून, "आन ह्यो उलटा हाय!"

इथं थोडं सांगायला हवं. आमच्याकडचा सुतार खांब उभा करतो तो झाड जसं उभं होतं तसाच. मूळ खाली, शेंडा वर. तोडतानाच मुळाकडच्या टोकावर तीन खाचा मारायच्या, म्हणजे पुढं गोंधळ होत नाही. उलटा खांब घरात कुणी सोसत नाही, देवळात तर नाहीच. येसू मेस्त्रीनं, म्हणजे लखूच्या बाबांनी, असे चार खांब केले होते. गाव बुडायच्या आधी आम्ही ते काढून रामनगरला आणले. पुढं सिमेंटचं देऊळ झालं आणि कमिटीनं खांब एका व्यापाऱ्याला विकून टाकले. लखू तेव्हा कामाला गोव्यात होता. मी सभेत होतो. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. हे मी त्याला त्या दिवसापर्यंत सांगितलं नव्हतं.

लखूच्या आवाजानं तिथला व्यवस्थापक आला. छातीवर योगेश नावाची पट्टी. "काय अज्जा, काय झालं?"

"खांब उलटा लावलाय तुम्ही."

"उलटा कसा? मोठ्या शहरातला डिझायनर आणला होता आम्ही."

"ही घंटांची माळ बघा. घंटा कधी वर तोंड करून लोंबती काय?"

"घंटा नाहीत त्या, फुलं आहेत. बघा की, वर उमलल्यात."

पाच-सहा माणसं जमली होती, ती हसली. लखूनं खांबातल्या एका गाठीवर बोट ठेवलं. "फांदी फुटती ती वर जाती. हितं गाठीची रेघ खाली चाललीय. झाड काय जमिनीत वाढतंय व्हय?"

"अज्जा, आता हे राहू द्या. दिव्याची वायर गेलीय त्यातनं."

"मी फुकट करून देतो. दोन माणसं द्या, एक दिवस द्या. सरळ करून देतो."

योगेश कंटाळला असावा, किंवा त्याला गंमत वाटली असावी. "तुमचे वडीलच कारागीर, ह्याला पुरावा काय?"

"वरच्या टोकाला तीन खाचा असतील. बाबाच्या हाताच्या."

"आणि नसल्या तर?"

"तर तुमच्या पाया पडंन. सगळ्यांसमोर."

"अवो, काय बोलताय!" फुलावैनीनं त्याचा सदरा ओढला. पण शिडी आलीच. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस सरसर वर चढला. छताजवळ पोचल्यावर त्यानं टोकावर बोटं फिरवली, एका बाजूनं, मग दुसऱ्या. मी खालून बघत होतो. त्याचा चेहरा पांढरा पडला.

खांब कापला होता. छतात मावेना म्हणून मुळाकडची वीतभर यंत्रानं उडवली होती. बाबाच्या खाचा त्या तुकड्याबरोबर गेल्या, कुठल्या चुलीत देव जाणे.

लखू खाली उतरला. "कापलाय," एवढंच म्हणाला.

"म्हणजे खाचा नाहीत," योगेश म्हणाला. "मग अज्जा?" आणि मागं वळून लोकांकडं बघून हसला.

आणि लखू वाकला. त्या पोरसवद्या माणसाच्या चकचकीत बुटांना त्यानं दोन्ही हात लावले. फुलावैनी तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळली. योगेश गडबडून मागं सरकला, "अहो, नको नको, मी चेष्टा केली." मी तिथंच होतो. मला पुढं होऊन त्याला धरता आलं असतं. देवळाच्या सभेत सगळ्यांसारखा हात वर केला, इथंही सगळ्यांसारखा बघत उभा राहिलो.

लखू उठला, हात धोतराला पुसले. "शब्द दिला व्हता, पाळला. आता माझं तिकीट पाच वाजेपर्यंत हाय." आणि खांबाला पाठ लावून उभा राहिला.

पुढचं कुटुंब आत आलं. "या, बघा," लखू मोठ्यानं म्हणाला. "ह्यो खांब येसू मेस्त्रीनं केलाय. हितं उलटा लावलाय, मुळाकडनं कापलाय. ही गाठ बघा." ते गेले, दुसरे आले. तेच सांगितलं. बाहेरून टेम्पोचा हॉर्न वाजत होता. योगेशनं राखणदाराला बोलावलं, "ह्यांना बाहेर ने."

राखणदार खांबाजवळ गेला, मान वाकडी करून गाठीकडं बघत राहिला. म्हणाला, "साहेब, उलटाच दिसतोय की ओ."

तेवढ्यात धारवाडकडची सहल आली, तीस-चाळीस जण, सगळे कानडी बोलणारे. लखूला कानडी येतं, पण रागात त्याच्या तोंडून मराठीच येत होतं. ते एकमेकांकडं बघायला लागले. मी पुढं झालो, लखूच्या शेजारी उभा राहिलो आणि खांब कसा उलटा आहे, तो कुणी केला आणि कुणी कापला, हे त्यांना कानडीत सांगितलं. आवाज फाटला माझा. आमच्या गावानं तो विकला आणि तेव्हा मीही हात वर केला होता, हेही त्यातच सांगून टाकलं.

लखूनं वळून माझ्याकडं बघितलं. शिवी देईल असं वाटलं.

"जोरात सांग," तो म्हणाला. "मागच्यांना ऐकू जात न्हाई."